सेलबर्नचे सहायक पाळक, रे. गिल्बर्ट व्हाइट

इंग्लंडच्या दक्षिण भागी हँपशर परगण्यात सेलबर्न नावाचे एक खेडे आहे. मागे खडूचा डोंगर, त्याच्या उतारावर बीच वृक्षांची दाट राई आणि पायथ्याशी घरे व चर्च, असा त्या गावाचा थाट आहे. तेथे ता. १८ जुलै १७२० रोजी गिल्बर्ट व्हाइट ह्यांचा जन्म झाला. पशुपक्षी व ऋतुमान ह्यांच्या निरीक्षणाबद्दल त्यांचे नाव आज दूरवर गाजत आहे. परंतु हयातीत ते खेड्यातील सहायक पाळक होते, आणि सहायक पाळक म्हणूनच वारले.

ह्याचे कारण सांगण्याजोगे आहे. त्यांचे आजोबा सेलबर्नचे मुख्य पाळक होते, व नातवाचा जन्म त्यांच्याच घरी झाला. पुढे नातू ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकून १७४३ साली पदवीधर झाला व तेथील फेलोही झाला. पण सेलबर्नचा पाळक नेमण्याचा अधिकार मॉडलिन नावाच्या दुसऱ्या कॉलेजाकडे होता, त्यामुळे आजोबांची जागा मिळण्याची आशा कायमची खुंटली. आपल्या कॉलेजाकडून दुसऱ्या गावच्या जागा पुढे आल्या असता सेलबर्न सोडावे लागेल म्हणून त्यांनी त्या नाकारल्या. नॉर्थँप्टनशर परगण्यातील एका मंडळीचे उत्पन्न मात्र त्यांनी घेतले आणि काम दुसऱ्याकडून करविले. त्या काळी तशी वहिवाट होती खरी. तथापि आम्हांस ती प्रशस्त वाटत नाही, आणि ती झाकून ठेवावी असेही वाटत नाही. शेजारच्या फॅरिंग्डन गावी वीसहून अधिक वर्षे, व अखेरची वर्षे सेलबर्न येथे, त्यांनी उपासना चालविल्या व मृतांस मूठमाती दिली.

ह्या कामाबरोबरच त्यांची वही चालू असे. १७५१ साली त्यांनी बागेची टिपणे लिहिण्यास आरंभ केला. १७६८ पासून आखलेल्या छापील वहीत वारा, पाऊस, थंडीउन्हाचे मान, कोणते झाड केव्हा पालवले, कोणता पक्षी प्रथम केव्हा दिसला, हे सर्व ते पंचवीस वर्षे नोंदीत गेले. त्या काळचे पुष्कळ विद्वान मेलेले पक्षी पुढ्यात घेऊन ग्रंथ लिहीत. व्हाइटसाहेब कुंपणाशी उभे राहून जिवंत पक्षी ऐकत. वटवट्याच्या कुळातील हिरवट पिवळे, चिमुकले असे पक्षी तेथील झाडांत असतात. दिसण्यात ते इतके सारखे की लोकांस त्यांतील भेद उमगत नसे. त्यांच्या तीन जाती आहेत हे त्यांनी मुख्यतः गाण्यावरून ओळखले. चर्चच्या वळचणीस गव्हाणी घुबडांचे जोडपे राहत असे. हाती घड्याळ घेऊन त्यांनी मोजले, तेव्हा सुमारे पाच पाच मिनिटांस एक उंदीर पिलांकडे जातो असे दिसून आले.

गरिबांच्या संसाराकडेही त्यांचे असेच लक्ष असे. पाणथळीचा लव्हाळा उन्हाळ्यात कापून सोलावा, आधारापुरती सालीची एक पट्टी ठेवावी, वाळवून वितळलेल्या चरबीत बुडवावा, म्हणजे त्याची वात होते. अशा वातींनी पाव पेनीत साडेपाच तास उजेड मिळतो, हा हिशेब त्यांनी स्वतः करून पाहिला. उलट अगदी गरीब लोक रोज अर्ध्या पेनीची मेणबत्ती विकत घेत व ती वाऱ्याच्या झोपडीत दोन तासांत संपे. तेवढ्याच पैशात अकरा तास उजेड मिळाला असता, ह्याची त्यांस हळहळ वाटे.

१७८३ साली ता. २३ जूनपासून ता. २० जुलैपर्यंत विलक्षण धुके पसरले, भर दुपारी सूर्य निस्तेज दिसू लागला, आणि गावकरी भयभीत झाले. व्हाइटसाहेबांनी वारा कोणत्या दिशेचा होता, ऊन किती होते, मांस किती लवकर नासत होते, हे लिहून ठेवले. आइसलंडातील लाकी ज्वालामुखीचा तो धूर होता, हे आता सर्वमान्य आहे.

परंतु त्यांच्या मनास आयुष्यभर लागून राहिलेला प्रश्न भिंगऱ्यांचा होता. वसंतात येणाऱ्या ह्या भिंगऱ्या हिवाळ्यात कोठे जातात? त्या तळ्यांच्या तळाशी निजून राहतात असे मोठमोठे पंडितही मानीत. व्हाइटसाहेबांचे बंधू जॉन हे जिब्राल्टर येथे सैन्याचे पाळक होते. त्यांनी पक्ष्यांचे थवे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाताना व येताना पाहिले होते. त्यावरून बहुतेक भिंगऱ्या दूर देशी जातात हे व्हाइटसाहेबांस पटले. पण नोव्हेंबरात, सर्व भिंगऱ्या निघून गेल्यावर, एखाद्या उबदार दिवशी चारदोन पुन्हा दिसत. एवढी उशिरा जन्मलेली पिले आफ्रिकेस कशी पोहोचतील? कदाचित काही येथेच दडून राहत असतील, असा संशय त्यांच्या मनातून गेला नाही. माणसे लावून त्यांनी डोंगरावरील झुडपे व मुळे शोधविली. एकही भिंगरी सापडली नाही. तरी संशय राहिला, आणि सापडले काही नाही, हे दोन्ही त्यांनी लिहिले.

ही पत्रे एकत्र करून १७८९ साली त्यांचे पुस्तक निघाले. ते त्यांचे बंधू बेंजामिन ह्यांनी लंडनात प्रसिद्ध केले. तोवर पक्ष्यांचे गाणे ओळखणाऱ्या ह्या मनुष्यास मधून मधून बहिरेपणा येऊ लागला होता, व त्या दिवसांत रानातील स्वर त्यांस ऐकू येत नसत. ही गोष्ट वाचताना आम्हांस फार वाईट वाटले. त्यांची वही मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत चालू होती. ता. २६ जून १७९३ रोजी ते वारले. चर्चच्या उत्तरेस त्यांची कबर आहे. लहानशा दगडावर नावाची दोन आद्याक्षरे व तारीख, एवढेच.

१९११ सालच्या मे महिन्यात स्टॅफर्डशर परगण्यात एका भिंगरीच्या पायात खुणेचे कडे घालून तिला सोडण्यात आले. १९१२ च्या डिसेंबरात ती भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतात सापडली.