विश्लेषण : फ्लशचे नव्हे, मोरीच्या वळणाचे थॉमस क्रॅपर!

फ्लशच्या शौचालयाचा शोध थॉमस क्रॅपर यांनी लावला, अशी समजूत जगभर आहे. ती चुकीची आहे. या ब्रिटिश प्लम्बरचे खरे काम शौचकूपाच्या खाली, सांडपाण्याच्या पाइपमध्ये होते. बाथरूममध्ये दुर्गंधी का येते, शॉवरखाली पाणी का तुंबते, या रोजच्या प्रश्नांचे उत्तरही तिथेच सापडते.

कोण होते थॉमस क्रॅपर?

क्रॅपर यांचा जन्म १८३६ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील थॉर्न या गावाजवळ झाला. थोरले बंधू जॉर्ज हे लंडनच्या चेल्सी भागात प्लम्बर होते. १८५३ मध्ये थॉमस त्यांच्याकडे उमेदवारीला लागले. काम शिकून आणि काही वर्षे कारागिरी करून त्यांनी १८६१ मध्ये चेल्सीतच स्वतःचा व्यवसाय थाटला. पुढे त्यांनी न्हाणीघरातील सामानाचे शोरूमही उघडले. जे सामान लोक चारचौघांत बोलायलाही संकोचत, ते त्यांनी दुकानात उघडपणे मांडले.

तेव्हा लंडनमध्ये काय घडत होते?

क्रॅपर काम शिकत होते त्याच काळात लंडनमध्ये कॉलऱ्याने बळी जात होते. १८५८ च्या उन्हाळ्यात तर थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे कामकाज चालवणे अवघड झाले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली शहराखाली मोठ्या मलवाहिन्या बांधण्यात आल्या. पण घरांचे पाइप गटाराला जोडले गेल्याने नवा प्रश्न उभा राहिला. सांडपाणी खाली जात होते, त्याच वाटेने गटारातील वायू वर घरात येऊ शकत होते.

हा धोका राजघराण्यालाही चुकला नाही. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणाच्या दारात पोहोचले होते. ते जिथे पाहुणे म्हणून राहिले होते, त्या घराच्या सदोष सांडपाणी व्यवस्थेवर ठपका ठेवण्यात आला. १८८० च्या दशकात याच युवराजांच्या सँडरिंगहॅम येथील निवासस्थानाच्या प्लम्बिंगचे काम क्रॅपर यांच्याकडे आले. त्यात ३० शौचालयांचा समावेश होता.

वळणाचे महत्त्व काय?

पाइपला वळण दिले की त्याच्या खोलगट भागात थोडे पाणी कायम साचून राहते. हे पाणी बुचासारखे काम करते. सांडपाणी पुढे जाते, पण वायू मागे येत नाही. घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये ‘एस’ आकाराच्या वळणाचे पेटंट घेतले होते. त्यात एक उणीव होती. पाणी जोरात गेले की ते वळणातले पाणीही ओढून नेई आणि वायूला वाट मोकळी होई. १८८० मध्ये या रचनेत सुधारणा करून ‘यू’ आकाराचे वळण आणल्याचे श्रेय क्रॅपर यांना दिले जाते. त्यांच्या नावावर नऊ पेटंट आहेत. त्यांतील चार सांडपाण्याच्या व्यवस्थेशी, तर तीनच शौचकूपाशी संबंधित होती.

आपल्या बाथरूममध्ये हे कसे लागू पडते?

भारतातील प्लम्बर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, त्याचे तत्त्व हेच. त्यात साधारण ५० मिलीमीटर पाणी राहणे अपेक्षित असते. घर बरेच दिवस बंद असेल तर हे पाणी सुकते आणि वास येऊ लागतो. अशा वेळी मोरीत दोन-तीन तांबे पाणी ओतणे हा पहिला उपाय. तरीही वास राहिला, तर ट्रॅप फुटला आहे का किंवा त्याचे झाकण सैल आहे का, हे पाहावे.

पाणी तुंबण्याचे मुख्य कारण केस आणि साबण. जड पाण्यात साबणाचा चिकट थर जमतो, त्यात केस गुंततात आणि गोळा वळणात अडकतो. जाळी काढून, हातमोजे घालून, आकडा केलेल्या तारेने तो वर ओढावा. खाली ढकलू नये. त्यानंतर रबरी पंप वापरता येतो. बाथटब असेल तर पंप मारताना वरचे जादा पाण्याचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर दाब तिथूनच निघून जातो. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो. एकाच वेळी घरातील सगळ्या मोऱ्या तुंबत असतील, तर दोष मुख्य वाहिनीत असतो. तिथे प्लम्बरलाच बोलवावे.

मग गैरसमज कसा पसरला?

क्रॅपर यांचे नाव त्यांच्या कारखान्याच्या टाक्यांवर ठळक असे. त्यांच्या नावाशी जोडला जाणारा सायफन फ्लश प्रत्यक्षात अल्बर्ट जिब्लिन यांच्या १८९८ च्या पेटंटमधला आहे. इंग्रजीत मैल्यासाठी वापरला जाणारा, त्यांच्या आडनावाशी जुळणारा शब्दही त्यांच्या जन्माआधीपासूनचा. १९६९ मध्ये वॉलेस रेबर्न यांच्या विनोदी ढंगातील चरित्राने या दंतकथांना आणखी हवा मिळाली.

क्रॅपर १९०४ मध्ये निवृत्त झाले. व्यवसाय पुतणे जॉर्ज आणि भागीदार रॉबर्ट व्हॅरम यांच्याकडे गेला. २७ जानेवारी १९१० रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये मॅनहोलच्या झाकणांवर त्यांचे नाव आजही पाहायला मिळते. त्यांची बहुतेक कारकीर्द त्या झाकणांखालच्या कामातच गेली होती.