औषधाची ओळख पटवणारा वैद्य

बाह्यरुग्ण विभागात एखादा रुग्ण झाडपाल्याच्या चूर्णाची पुडी पुढे करतो आणि हे घेऊ का, असे विचारतो. पुडीत नेमकी कोणती वनस्पती आहे, हे नुसते पाहून कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी गार्सिया द ओर्ता आठवतो.

हा पोर्तुगीज वैद्य स्पेनमध्ये शिकला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. तेव्हा युरोपातील वैद्यांना इथली औषधे ठाऊक होती ती बहुतांशी जुन्या ग्रंथांतून. ओर्ताने हकीम, वैद्य, व्यापारी यांना विचारले, झाडे स्वतः पाहिली, एकाच औषधाची निरनिराळ्या भाषांतली नावे जुळवली. हिंग, मिरी, दालचिनी, धोतरा अशा अनेक द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. नामवंत ग्रंथकारांच्या चुका त्यात त्याने निर्भीडपणे दाखवल्या.

इतरांची ओळख पटवणाऱ्या ओर्ताला स्वतःची मात्र लपवावी लागली. त्याचे घराणे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचे होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र लॅटिन भाषांतरामुळे युरोपभर पोहोचला होता.

त्याचा प्रश्न आजही सुटलेला नाही. औषधी सीता-अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट 'अशोका'ची साल विकली जाते. दोन्ही झाडांची कुळे वेगळी, पण वाळलेल्या सालीत फरक कळणे कठीण आणि भुकटीत तर फारच. इथे हरितलवकाचा डीएनए उपयोगी पडतो. हरितलवक म्हणजे पेशीतला अन्न तयार करणारा हिरवा भाग. त्याचा स्वतंत्र डीएनए साधारण दीड लाख अक्षरांचा असतो आणि एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात. अस्सल झाडाचा हा क्रम एकदा पूर्ण वाचून ठेवला, की नमुन्यातले तुकडे त्याच्याशी ताडून पाहता येतात. तंबाखूच्या हरितलवकाचा असा पूर्ण क्रम १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला.

अर्थात, काढा उकळताना डीएनए मोडतो. शिवाय वनस्पती खरी ठरली, तरी मात्रा योग्य आहे की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून घरी कोणतेही चूर्ण घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी सोबत आणा.