गौतमीचा पुत्र आणि वर्णसंकराची भीती

लग्नसराई आली की परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या वस्त्यांतून आमच्याकडे पत्रिका येतात. वर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची छायाचित्रे, मध्ये मंगल परिणय, आणि कुठेतरी कोपऱ्यात मुद्रकाने सवयीने छापलेले 'शालिवाहन शके'. हा शालिवाहन कोण, असे आम्ही एकदा पत्रिका घेऊन आलेल्या तरुणाला विचारले. त्याने लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेले पोर, त्याने मातीचे घोडेस्वार केले, त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूला पळवून लावले. गोष्ट गोड आहे, पण इतिहास नव्हे. इ. स. ७८ पासूनची ही कालगणना चालविली ती पश्चिम भारतातील शक क्षत्रपांनी. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटले. म्हणजे शकांना हरविणाऱ्या घराण्याच्या नावावर आपण आजही शकांचेच वर्ष मोजतो!

ज्या सातवाहन राजाच्या पराक्रमाची आठवण या दंतकथेमागे उभी आहे, तो गौतमीपुत्र सातकर्णी होय. त्याचे चरित्र चळवळीच्या वाचकांनी नीट वाचले पाहिजे असे आम्हांस वाटते. कारण त्यात आपल्या अभिमानाचे जेवढे आहे, तेवढेच सावध व्हावे असेही आहे.

आधी आपली भूमी पाहू. पैठणहून निघालेली गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असा आपला जिल्हा ओलांडून नांदेडकडे जाते. या खोऱ्यात मूलक आणि अश्मक ही दोन जनपदे होती. बावरी नावाच्या ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे शंका विचारायला पाठविले, ही हकिगत सुत्तनिपातात आहे. तो बावरी याच दोन जनपदांच्या शेजारी गोदाकाठी राहत होता. पुढे गौतमीपुत्राच्या राज्याची यादी कोरली गेली, तेव्हा त्यातही हीच दोन नावे आली. तेव्हा ही कथा परमुलखाची नाही, आपल्या पायाखालच्या मातीची आहे.

गौतमीपुत्राचा काळ पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातला की दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा, यावर इतिहासकारांचा वाद चालू आहे. ढोबळमानाने सांगायचे तर रोममध्ये ट्रेजन आणि हेड्रियन राज्य करीत होते त्याच्या आसपासचा. पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावे त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात आहेत. इथले दगडाचे मणी आणि सुती कापड बैलगाड्यांतून भडोचला आणि तिथून जहाजांतून रोमन जगात जात असे. रोमच्या सम्राटांची चरित्रे लिहायला पगारी-बिनपगारी इतिहासकार होते. आपल्या सम्राटाचे चरित्र लिहवून घेतले ते त्याच्या आईने, आणि तेही राजवाड्यात नव्हे, बौद्ध भिक्षूंच्या लेण्याच्या भिंतीवर.

नाशिकची ही त्रिरश्मी लेणी. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही.

गौतमीपुत्र गादीवर आला तेव्हा घराणे खचलेले होते. क्षहरात वंशाचा शक राजा नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा सुपीक आणि व्यापारी मुलूख बळकावला होता. नहपानाचा जावई उषवदात हा तिथला कारभारी. तो ब्राह्मणांना गाई वाटीत होता आणि भिक्षूंसाठी लेणीही कोरून घेत होता. सातवाहनांकडे उरला होता तो मुख्यतः आपल्या बाजूचा गोदावरीचा मुलूख. गौतमीपुत्राने पुष्कळ वर्षे तयारी केली असली पाहिजे, कारण नाशिक ताब्यात आल्याचा त्याचा पहिला लेख राज्यवर्ष १८चा आहे.

या विजयाचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे जमिनीतून वर आला. १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा चैत्यासारखा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि खाली पुसट झालेला नहपानाचा चेहरा. शत्रूची नाणी वितळवण्यात वेळ न घालविता त्याने तीच पुन्हा बाजारात आणली.

विजयी छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठविला. उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे, त्या शेतात राजाच्या शिपायांनी शिरू नये, तिथे मिठासाठी खणू नये. सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, दुसरा हुकूम निघाला. दिलेले शेत कसले जात नाही, गावही ओस पडले आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीचे १०० निवर्तने शेत द्यावे. युद्धाने गावे कशी उजाड होतात हे या हुकुमावरून कळते. दान देऊन हात झटकणारे राजे पुष्कळ झाले. दिलेल्या दानाचे काय झाले याची चौकशी करणारा, चूक दुरुस्त करणारा विरळाच.

हा दुसरा हुकूम एकट्या राजाचा नाही. त्यात राजमातेचेही नाव आहे. राजा आजारी होता की आई कारभारात मुरलेली होती, याविषयी तर्क केले जातात. आम्ही एवढेच म्हणू की गौतमी बलश्रीला विचारल्याशिवाय त्या दरबारात पान हलत नसावे. राजाने नावही आईचेच लावले. त्याच्या पत्नीचे नाव मात्र कुठेच नाही. पुत्र वासिष्ठीपुत्र म्हणविला जातो म्हणून ती वासिष्ठी होती, एवढेच कळते. सातवाहनांत आईचे नाव लावीत म्हणून तिथे स्त्रियांचे राज्य होते असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आईचे ते नाव म्हणजे तिचे गोत्र होते.

राज्यवर्ष २४ नंतर गौतमीपुत्राचा लेख मिळत नाही. आई मात्र मुलाच्या मागे जगली. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी या वृद्ध स्त्रीने त्रिरश्मीवर एक भव्य लेणे पूर्ण करून भद्रयानीय भिक्षुसंघाला अर्पण केले. आपण महाराजांची आई आणि महाराजांची आजी आहोत, हे तिने तिथे कोरविले. लेण्याच्या सजावटीसाठी नातवाने एक गावही दिले. त्याच लेखात गेलेल्या मुलाचे चरित्र आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले. त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचे कूळ उखडून टाकले, सातवाहनांचे यश पुन्हा उभे केले. तो आईच्या सेवेत तत्पर होता. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला त्याला आवडत नसे. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी होई, न्यायाने ठरलेलाच कर घेई, द्विजांच्या आणि खालच्यांच्याही कुटुंबांची भरभराट करी.

इथपर्यंत वाचताना कुणाचीही छाती फुगेल. पण त्याच ओळींत आणखी दोन बिरुदे आहेत. तो अद्वितीय ब्राह्मण होता, आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला.

पहिल्या बिरुदाचा अर्थ काय, तो जन्माने ब्राह्मण होता की ब्राह्मणांचा कैवारी, यावर पंडितांनी शाई आटविली आहे. गंमत अशी की भागवत पुराणाने याच वंशाच्या मूळ पुरुषाला वृषल, म्हणजे शूद्र ठरविले. मनगटात बळ येईपर्यंत वृषल, सत्ता स्थिर झाल्यावर अद्वितीय ब्राह्मण! हा खेळ पुढे अनेक राजघराण्यांच्या बाबतीत खेळला गेला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे दुसरे बिरुद. वर्णसंकर थांबविला याचा अर्थ उघड आहे. वर्ण एकमेकांत मिसळत होते. परदेशी व्यापारी येत होते, शक इथे संसार मांडत होते, कारागीर आणि सेठ भिक्षूंना दाने देऊन आपापली नावे दगडावर कोरीत होते. समाज वाहत होता आणि त्या वाहण्याला कुणीतरी भीत होते. वाहणे थांबवायचे तर एकच मार्ग असतो, तो म्हणजे कोणती मुलगी कोणाच्या घरी जाईल यावर पहारा बसविणे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके इथेच दाखविले आहे. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा प्राण.

मग त्या पहाऱ्याचे काय झाले? उत्तर कान्हेरीच्या लेण्यात आहे. तिथे एका अमात्याने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके खोदविले, त्याचा लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची मुलगी, म्हणजे शककन्या! हा सातकर्णी पुळुमावीचा भाऊ मानला जातो. इ. स. १५०च्या जुनागढच्या लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरविले, पण जवळचे नाते म्हणून त्याचा नाश केला नाही. ज्याने संकर थांबविल्याचा डंका दगडावर वाजला, त्याच्याच घरात शकांची लेक सून होऊन आली. घराणे बुडाले नाही. उलट त्या सोयरिकीनेच वाचले.

राजवाड्याला मिसळण्याची मुभा होती, बंदी होती ती रयतेला. ही दुटप्पी रीत आम्ही आजही पाहतो. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाली तेव्हा काही दिवसांत आंतरजातीय हा शब्द गाळला आणि आंतरधर्मीयांवरचा पहारा ठेवला. दोन हजार वर्षांत दगड जाऊन शासन निर्णयाचा कागद आला, एवढाच फरक.

पण बोट केवळ सरकारकडे दाखवून आमची सुटका होणार नाही. २०१७ साली या राजावर तेलुगूत भव्य चित्रपट निघाला. तिकडे त्याचा जयजयकार होतो, इकडे आमचेच काही अभ्यासक लेण्यांतील दाने पाहून त्याला सरळ बौद्ध राजा म्हणून मोकळे होतात. दोन्ही चुकीचे आहे. त्याने संघाला जमीन दिली हे खरे, त्याच्या आईने लेणे दिले हेही खरे, आणि त्याच भिंतीवर वर्णव्यवस्थेची आरती कोरली गेली हेही तेवढेच खरे. विहाराला देणगी देणारा माणूस मनाने जात पाळू शकतो, याचा इतका जुना पुरावा दुसरा कुठे मिळेल?

म्हणून आम्ही त्या पत्रिकेकडे पुन्हा वळतो. पत्रिकेवर बाबासाहेब आहेत, पण सोयरीक जुळविताना आपण पोटजात विचारली होती की नाही? मुलीने दुसऱ्या समाजातला मुलगा निवडला तेव्हा घरात रडारड झाली की नाही? १९३६ साली बाबासाहेबांनी जातिअंताचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखविले आणि १९४८ साली स्वतःच्या संसाराने ते कृतीत आणले. आपण मात्र गौतमीपुत्राचे बिरुद गुपचूप आपापल्या घरात मिरवतो.

पाठ्यपुस्तकात तो राजा मुलांनी जरूर वाचावा. त्रिरश्मीवर सहल न्यावी, ती भिंत दाखवावी, आणि तिच्यावर दान कोणते व बंदी कोणती हे मुलांनाच शोधायला सांगावे. पत्रिकेवरचे शके बदलणे सोपे आहे, मुद्रकाला एक फोन पुरतो. आतली नावे कुठून कुठे जुळतात, ते बदलायचे काम आपले आहे.