गिडियन सुंडबॅक

ऑटो फ्रेडरिक गिडियन सुंडबॅक (जन्म : ओदेस्तुगू, स्वीडन, २४ एप्रिल १८८०, मृत्यू : मीडव्हिल, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका, २१ जून १९५४) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकन अभियंते व संशोधक होते. कपडे, पिशव्या, पादत्राणे आणि तंबू यांना लावल्या जाणाऱ्या झिपला, म्हणजेच मराठी बोलण्यात सर्रास 'चेन' म्हटल्या जाणाऱ्या साधनाला, आजचे रूप त्यांनी दिले. एका सरकत्या तुकड्याने दोन कडा एकमेकींत गुंतवण्याची मूळ कल्पना त्यांची नव्हती. ती त्यांच्या आधी कित्येक वर्षे मांडली गेली होती आणि बाजारात फसलीही होती. सुंडबॅक यांनी त्या फसलेल्या वस्तूतील दोष एकामागून एक दूर केले, तिची रचना मुळापासून बदलली आणि ती स्वस्तात व अचूक बनवणारे यंत्रही तयार केले. म्हणूनच आधुनिक झिपचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

जन्म व शिक्षण

सुंडबॅक यांचा जन्म स्वीडनच्या दक्षिण भागातील स्मोलांड प्रांतात, ओदेस्तुगू या ग्रामीण परगण्यात एका सुस्थितीतील शेतकरी कुटुंबात झाला. स्वीडनमधील शिक्षण संपवून ते जर्मनीत गेले. ऱ्हाईन नदीकाठच्या बिंगेन या गावातील तंत्रविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९०३ मध्ये अभियंत्याची परीक्षा उत्तीर्ण केली. १९०५ मध्ये ते अमेरिकेत स्थलांतरित झाले व पिट्सबर्ग येथील वेस्टिंगहाऊस इलेक्ट्रिक या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत नोकरीस लागले. पुढच्याच वर्षी ही नोकरी सोडून ते न्यू जर्सी राज्यातील होबोकेन येथील युनिव्हर्सल फासनर कंपनीत दाखल झाले. वेस्टिंगहाऊसच्या तुलनेत ही कंपनी अगदी लहान होती आणि तिचा एकमेव माल अजून नीट चालत नव्हता.

पूर्वीचे प्रयत्न

शिवणयंत्राच्या विकासासाठी प्रसिद्ध असलेले इलायस हाऊ यांनी १८५१ मध्ये कपड्याच्या दोन कडा सलग बंद करणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले होते. परंतु ते त्यांनी बाजारात आणले नाही. त्यानंतर सुमारे चार दशकांनी शिकागोचे व्हिटकॉम्ब जडसन यांनी बुटांच्या लांबलचक नाड्यांना पर्याय म्हणून एक साधन तयार केले. त्यात एका कडेवर हुकांची रांग, दुसऱ्या कडेवर कड्यांची रांग आणि दोन्हींना जोडत जाणारा एक सरकता तुकडा होता. १८९३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ते साधन मांडण्यात आले. मात्र लोकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

सरकत्या तुकड्याची कल्पना जडसन यांची आहे, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण हूक आणि कडी यांची जोडी मुळातच सैल असते. मनुष्य वाकला किंवा खाली बसला, की हूक कडीतून निसटत आणि मधेच उघडलेली रांग पुन्हा जुळवणे कठीण होई. मीडव्हिलचे वकील लुईस वॉकर यांनी मात्र या कल्पनेवरचा विश्वास सोडला नाही. वर्षानुवर्षे तोटा होत असतानाही ते या व्यवसायात पैसा घालत राहिले.

होबोकेनमधील काम

सुंडबॅक यांच्याकडे प्रथम आहे त्याच साधनात सुधारणा करण्याचे काम आले. हुकांना अधिक चांगली पकड मिळावी म्हणून त्यांनी त्यांच्या आकारात बदल केले. हा सुधारित माल 'प्लाको' या नावाने मुख्यतः स्त्रियांच्या घागऱ्यांसाठी विकला जाऊ लागला. पूर्वीच्या मालापेक्षा तो बरा असला, तरी हूक-कडीचा मूळ दोष त्यातही कायम राहिला. चारचौघांत कपडा अचानक उघडण्याची भीती असेल, तर असे साधन कोणी दुसऱ्यांदा विकत घेत नाही, हा धडा कंपनीला पुन्हा एकदा मिळाला.

१९०९ मध्ये सुंडबॅक कंपनीचे प्रमुख रचनाकार झाले. त्याच वर्षी कारखान्याचे व्यवस्थापक पीटर अरॉन्सन यांची कन्या एल्विरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अरॉन्सन हेही मूळचे स्वीडनचे होते. १९१० मध्ये सुंडबॅक दांपत्यास कन्यारत्न झाले. परंतु १९११ मध्ये एल्विरा यांचे निधन झाले. तिशी नुकतीच ओलांडलेल्या सुंडबॅक यांच्यावर हा मोठा आघात होता. त्याच काळात कंपनीवरील कर्जाचा बोजा वाढत होता व ती बंद पडण्याच्या बेतात होती. या दुहेरी संकटात त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. पुढील दोन वर्षांत त्यांच्या आरेखनाच्या मेजावर जे घडले, त्यातूनच आजची झिप जन्माला आली.

हुकांचा त्याग

हूक कितीही सुधारला तरी तो निसटणारच, या निष्कर्षावर येऊन सुंडबॅक यांनी हूक पूर्णपणे सोडून दिला. त्यांच्या पहिल्या 'हूकविरहित' रचनेत एका बाजूस कापडी पट्टीची जाड, गोलसर कड होती आणि दुसऱ्या बाजूस तिला चिमट्याप्रमाणे पकडणारे धातूचे जबडे होते. ही रचना सहज बंद होई आणि वाकल्यावर उघडतही नसे. परंतु धातू सतत घासल्यामुळे कापडाची कड थोड्याच वापरात झिजून जाई. टिकाऊपणाच्या कसोटीवर ती उतरली नाही.

या अपयशातून त्यांना नेमके कळले, की दोन्ही बाजूंना एकाच कठीण पदार्थाचे आणि एकाच आकाराचे भाग हवेत. डिसेंबर १९१३ पर्यंत त्यांनी दुसरी हूकविरहित रचना पूर्ण केली. हीच आधुनिक झिप होय. तिच्या पेटंटसाठी १९१४ मध्ये अर्ज करण्यात आला व २० मार्च १९१७ रोजी ते मंजूर झाले.

रचना व कार्य

सुंडबॅक यांच्या रचनेत दोन कापडी पट्ट्यांच्या कडांवर धातूचे लहान लहान दाते बसवलेले असतात. सर्व दाते सारखेच असतात. प्रत्येक दात्याच्या एका अंगास लहानसा उंचवटा आणि दुसऱ्या अंगास तेवढाच खळगा असतो. एकावर एक ठेवलेले चमचे जसे एकमेकांत बसतात, तसा एका पट्टीवरील दात्याचा उंचवटा समोरच्या पट्टीवरील दात्याच्या खळग्यात बसतो. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांवरील दाते समोरासमोर नसून एकाआड एक येतील असे लावलेले असतात.

दाते गुंतवण्याचे व सोडवण्याचे काम सरकता तुकडा करतो. शिंपी आणि पिशव्या दुरुस्त करणारे कारागीर याला 'रनर' म्हणतात. रनरच्या एका टोकास दोन तोंडे व दुसऱ्या टोकास एकच तोंड असते. दोन तोंडांच्या मध्ये पाचर असते. पट्ट्या दोन तोंडांतून आत येताना वळतात आणि वळणामुळे शेजारच्या दात्यांमधील फट किंचित रुंदावते. तेवढ्या क्षणात समोरचा दाता त्या फटीत शिरतो. पट्टी पुन्हा सरळ झाली, की फट आक्रसते आणि दाता अडकून राहतो. त्यानंतर दोन्ही कडा आडव्या दिशेने कितीही ओढल्या, तरी उंचवटे खळग्यातून बाहेर येऊ शकत नाहीत. रनर उलट दिशेने सरकवला म्हणजे मधली पाचर दात्यांना क्रमाने वेगळे करते.

जुन्या साधनात एका इंचात साधारण चार हूक असत. सुंडबॅक यांनी दात्यांची संख्या इंचाला दहा ते अकरा इतकी वाढवली. त्यामुळे ताण अनेक दात्यांवर विभागला गेला आणि साधन अंगाच्या हालचालीबरोबर सहज वाकू लागले. मात्र या रचनेला कमालीची अचूकता लागते. एखादा दाता वाकडा बसला किंवा दोन दात्यांमधील अंतर चुकले, तर रनर तेथेच अडतो. म्हणून दाते हाताने बसवून हा माल किफायतशीरपणे तयार करणे शक्य नव्हते.

दाते बनवणारे यंत्र

ही अडचण दूर करण्यासाठी सुंडबॅक यांनी यंत्र तयार केले. काहींच्या मते झिपच्या रचनेइतकेच हे यंत्रही महत्त्वाचे आहे. धातूच्या सपाट पत्र्यातून दाते कापले, तर उरलेला बराचसा पत्रा वाया जातो. सुंडबॅक यांनी पत्र्याऐवजी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा छेद असलेली तार वापरली. यंत्र त्या तारेचा पातळ काप घेई, त्यावर ठोकून उंचवटा व खळगा उमटवी आणि वाय अक्षराचे दोन पाय कापडी पट्टीच्या कडेवर दाबून घट्ट बसवी. मग पट्टी ठरावीक अंतर पुढे सरके व पुढचा दाता बसे. धातूची नासाडी जवळजवळ थांबली आणि अंतरातील चुकाही टळल्या. पहिल्याच वर्षात या यंत्रातून दररोज काहीशे फूट माल निघू लागला.

दरम्यान १९१३ मध्ये जुन्या कंपनीच्या जागी हूकलेस फासनर कंपनी स्थापन झाली. तिचे कामकाज होबोकेन सोडून लुईस वॉकर यांच्या गावी, मीडव्हिल येथे आले. सुंडबॅक यांचे पुढील आयुष्य याच गावाशी जोडले गेले.

प्रसार व नाव

उत्तम रचना हाती असूनही गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागला. आधीच्या मालाने फसवलेले कापड व्यावसायिक नव्या मालाकडे संशयाने पाहत. पहिल्या महायुद्धाच्या काळात खलाशांच्या कमरेला बांधायच्या पैशांच्या पट्ट्यांसाठी आणि वैमानिकांच्या पोशाखांसाठी या साधनाचा वापर झाला. नंतर तंबाखूच्या बटव्यांनाही ते लावले जाऊ लागले.

१९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीने आपल्या रबरी बुटांना हे साधन लावले व त्या बुटांना 'झिपर' हे नाव दिले. उघडझाप करताना होणाऱ्या आवाजावरून सुचलेले हे नाव मुळात बुटांचे होते. पण लोकांनी ते साधनालाच चिकटवले. १९३० च्या दशकात लहान मुलांच्या कपड्यांना झिप लागू लागली, कारण तिच्यामुळे मुलांना स्वतःचे कपडे स्वतः घालता येत. पॅरिसच्या वेषभूषाकार एल्सा स्कियापारेली यांनी आपल्या पोशाखांत ती उघडपणे मिरवली, आणि दशकाच्या अखेरीस पुरुषांच्या पँटवरही बटणांची जागा झिप घेऊ लागली. हूकलेस फासनर कंपनीने पुढे आपले नाव बदलून 'टॅलन' असे केले.

उत्तरायुष्य

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात सेंट कॅथरिन्स येथे लायटनिंग फासनर कंपनी स्थापन झाली. सुंडबॅक तिचे अध्यक्ष होते. कारखान्याच्या कामासाठी ते वारंवार कॅनडात जात. तथापि त्यांचे वास्तव्य मीडव्हिल येथेच राहिले आणि नागरिकत्वही त्यांनी अमेरिकेचेच ठेवले. १९५१ मध्ये रॉयल स्वीडिश अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग सायन्सेस या मायदेशातील संस्थेने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. २१ जून १९५४ रोजी हृदयविकाराने मीडव्हिल येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७४ वर्षांचे होते. मृत्यूनंतर अर्धशतकाने, २००६ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.

मूल्यमापन

झिपचा शोध नेमका कोणी लावला, या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. कल्पनेची पहिली रेघ हाऊ यांनी ओढली. सरकता तुकडा जडसन यांनी दिला. तोट्यातही धीर न सोडणारे भांडवल वॉकर यांनी पुरवले. जडसन यांचे १९०९ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचे साधन अजून अयशस्वीच होते. सुंडबॅक नसते, तर ते कदाचित पेटंट कार्यालयाच्या कागदांतच राहिले असते. चूक हुकाच्या आकारात नसून हुकाच्या कल्पनेतच आहे हे ओळखणे, हे सुंडबॅक यांचे खरे योगदान होय. स्वतःच केलेल्या दोन रचना, प्लाको आणि पहिली हूकविरहित रचना, त्यांनी दोष दिसताच बाजूला ठेवल्या.

त्यांच्यानंतर झिपचे धातू बदलले आणि दात्यांच्या जागी प्लास्टिकची व नायलॉनच्या वेटोळ्याची रांगही आली. परंतु एकसारख्या भागांच्या दोन रांगा, वळणावर उघडणारी फट आणि ती साधणारा पाचरीचा रनर हे मूळ तत्त्व तेच राहिले. आजही बहुतेक वेळा चेन नादुरुस्त होते ती दाते तुटल्यामुळे नव्हे, तर रनर झिजून सैल पडल्यामुळे. कारागीर पकडीने रनर किंचित दाबतो किंवा नवा बसवतो आणि चेन पुन्हा चालू लागते. शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या दात्यांची रांग अशा वेळी तशीच शाबूत असते.