बाळू पालवणकर

उत्तम खेळाडू हाच उत्तम संघनायक होतो काय? हा प्रश्न फार जुना आहे. ब्राझीलचा पेले हा फुटबॉलमधील अलौकिक खेळाडू. त्याच्या संघाने १९५८, १९६२ व १९७० साली विश्वचषक जिंकला. परंतु तिन्ही वेळा नायकपद दुसऱ्याच खेळाडूंकडे होते. म्हणून पेलेच्या थोरवीला उणेपणा आला नाही. खेळण्याचे कसब निराळे आणि दहा जणांना बरोबर घेऊन जाण्याचे कसब निराळे. मात्र एखाद्या थोर खेळाडूला नायकपदाची परीक्षाच देऊ दिली नाही, तर त्याच्या अंगी तो गुण होता की नाही, हे कळावे कसे? आपल्या महाराष्ट्रात असे एक खेळाडू होऊन गेले. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. जातीने ते चांभार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट खेळू लागले.

पुढे बाळूंना पुण्यातील युरोपियन लोकांच्या क्लबात नोकरी मिळाली. महिना पगार चार रुपये. मैदानावर रूळ फिरवावा, जाळ्या बांधाव्यात, रेघा आखाव्यात, असे त्यांचे काम असे. हळूहळू साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज सरावासाठी इतरांच्या आधी येऊन बाळूंची गोलंदाजी खेळत असे. बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकीत. चेंडू कोठे पडेल आणि कोणीकडे वळेल, याचा अंदाज फलंदाजाला लागत नसे. अशी शेकडो तास गोलंदाजी केल्याने त्यांचा हात पक्का झाला. परंतु त्या क्लबात त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट मात्र कोणी दिली नाही.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. अस्पृश्य मुलाला संघात घ्यावे की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली व बाळू संघात आले. पण केवढी ही विसंगती! मैदानावर सारे जण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. बाळूंनी हा अपमान गिळला आणि आपले उत्तर चेंडूने दिले.

१८९६ नंतर ते मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचे मन खेळापेक्षा समारंभांत अधिक रमले आणि संघ अनेक सामने हरला. त्याच दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. नायकपद कोणाकडे होते आणि संघाचा भार कोणी वाहिला, याचा विचार तुम्हीच करा.

बाळूंना हिंदू संघाचे नायक करावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. परंतु जात आड आली. नायक पै हे थोर मनाचे होते. हा मान वस्तुतः बाळूंचा आहे, असे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविले. १९२० साली तर पहिल्या सामन्यातून बाळूंना वगळण्यात आले, आणि त्यांचा भाऊ विठ्ठल अनुभवाने ज्येष्ठ असूनही नायकपद दुसऱ्याला मिळाले. तेव्हा विठ्ठल व शिवराम संघातून बाहेर पडले. क्रीडांगणावर गुणांखेरीज दुसरा कोणताही निकष नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. भाऊ परत आले व बाळू उपनायक झाले. पुढील सामन्यात पै काही वेळ आपण होऊन मैदानाबाहेर गेले आणि तेवढा काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. एका थोर खेळाडूच्या वाट्याला नायकपद आले ते एवढेच!

तथापि तो लढा वाया गेला नाही. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले. त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत संघाने तीनदा चौरंगी सामन्यांचे विजेतेपद मिळविले. थोरल्या भावाला नाकारलेली परीक्षा धाकट्या भावाने दिली आणि उत्तम रीतीने पार पाडली.

पुढे बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रत्येक थोर खेळाडू थोर नायक होईलच, असे नाही. परंतु तो होईल की नाही, हे मैदानाने ठरवावे. जन्माने ठरवू नये. मुलांनो, तुमच्या शाळेचा संघनायक निवडताना कोण कोणाचा मुलगा, हे पाहू नका. कोण स्वतः चांगला खेळतो, इतरांना धीर देतो आणि हरतानाही संघाला सोडत नाही, एवढेच पाहा. बाळू पालवणकरांचे खरे स्मरण तेच होय.