मरणाच्या दारातून सामोआच्या बेटावर आलेल्या लेखकासाठी तिथल्या सरदारांनी स्वतःच्या हाताने रस्ता बांधला

रोज एक तरी रील समोर येतं. कुणीतरी नोकरी सोडलेली असते, घरातलं सामान विकलेलं असतं आणि तो कुठल्याशा बेटावर राहायला गेलेला असतो. मागे निळा समुद्र, बाजूला नारळाची झाडं आणि मांडीवर लॅपटॉप. बघणाऱ्यालाही दोन मिनिटं वाटतं, आपणही जावं सगळं सोडून.

हा उद्योग इंटरनेट यायच्या शंभर वर्षं आधी एका जगप्रसिद्ध लेखकाने केला होता.

त्याचं नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. खजिन्याचा नकाशा, एका पायाचा समुद्री चाचा आणि त्याच्या खांद्यावरचा पोपट हे चित्र ज्याच्यामुळे जगभर पोचलं, ते ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा हाच. ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ पण याचंच.

पण त्याच्या बेटावरच्या आयुष्याची गोष्ट त्याच्या पुस्तकांइतकी सांगितली जात नाही.

दीपस्तंभ बांधणाऱ्यांच्या घरातला आजारी पोरगा

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. घराणं इंजिनिअरांचं. आजोबा आणि वडील दोघेही दीपस्तंभ बांधण्यासाठी प्रसिद्ध. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचा बेल रॉकचा दीपस्तंभ आजोबांच्या नावाने ओळखला जातो.

पोराने हाच धंदा पुढे न्यावा अशी वडिलांची इच्छा होती. पण पोराची छाती लहानपणापासून कमजोर. एडिनबराची थंडी आणि दमट हवा त्याला सोसायची नाही. वर्षातले कितीतरी दिवस अंथरुणात जायचे. इंजिनिअरिंग सुटलं, मग त्याने वकिलीची सनद घेतली, पण वकिलीही केली नाही. त्याला लिहायचं होतं.

१८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्याची ओळख फॅनी ऑस्बर्नशी झाली. फॅनी अमेरिकन होती, वयाने दहा वर्षांनी मोठी होती, विवाहित होती आणि मुलांची आई होती. ती अमेरिकेला परत गेली तेव्हा १८७९ मध्ये हा गडी घरच्यांना न सांगता तिच्यामागे कॅलिफोर्नियाला निघाला. प्रवासात मरता मरता वाचला. फॅनीचा घटस्फोट झाला आणि १८८० मध्ये दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केलं.

पुढची काही वर्षं हवापालट करण्यातच गेली. स्वित्झर्लंड, दक्षिण फ्रान्स, इंग्लंडचा दक्षिण किनारा. खोकताना तोंडातून रक्त यायचं आणि डॉक्टर बोलायलाही बंदी घालायचे. याच काळात, बहुतेक वेळ बिछान्यावर, त्याने ती गाजलेली पुस्तकं लिहिली.

सहा महिन्यांसाठी निघाला आणि परतलाच नाही

१८८७ मध्ये वडील वारले. स्टीव्हन्सन आई, बायको आणि सावत्र मुलगा लॉइड यांना घेऊन अमेरिकेला गेला. जून १८८८ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोहून ‘कॅस्को’ नावाचं शिडाचं जहाज भाड्याने घेतलं आणि सगळं कुटुंब पॅसिफिक महासागरात शिरलं.

बेत काही महिन्यांच्या सफरीचा होता. मार्केसास, ताहिती, हवाई अशी बेटं बघायची, त्यावर लिहायचं आणि परत यायचं.

पण समुद्रावर एक वेगळीच गोष्ट घडली. ज्या माणसाला खोलीबाहेर पडायची भीती वाटायची, तो डेकवर अनवाणी फिरायला लागला, पोहायला लागला, घोड्यावर बसायला लागला. उष्ण हवा त्याला मानवली.

डिसेंबर १८८९ मध्ये तो सामोआ बेटांवरच्या अपिया बंदरात उतरला. सामोआ म्हणजे हवाई आणि न्यूझीलंड यांच्या मधोमध पसरलेल्या समुद्रातली बेटं. पुस्तकासाठी माहिती गोळा करायची आणि पुढे जायचं, एवढंच डोक्यात होतं. पण काही आठवड्यांतच त्याने अपियाच्या वर, वाएआ डोंगराच्या पायथ्याशी, तीनशे एकरांहून जास्त जंगल विकत घेतलं. जागेचं नाव वैलिमा.

तरीही एकदा घरी जाऊन यायचा विचार होता. त्यासाठी १८९० च्या सुरुवातीला तो सिडनीला पोचला आणि तिथल्या हवेत पुन्हा रक्त पडायला लागलं. तेव्हा हिशेब स्पष्ट झाला. उष्ण कटिबंध सोडला तर मरण.

म्हणजे रीलमधल्या माणसासारखी ही हौस नव्हती. जगायचं असेल तर स्कॉटलंड कायमचं सोडायचं, असा तो सौदा होता. स्टीव्हन्सनने तो केला आणि पुन्हा कधीही मायदेश पाहिला नाही.

जंगलातलं घर आणि त्याचा खर्च

बेटावर नवं आयुष्य म्हणजे काय, हे वैलिमात लवकरच कळलं. आधी जंगल तोडायचं होतं. चिखल, डास, मुसळधार पाऊस आणि साफ केलेल्या जागेवर आठवड्याभरात पुन्हा उगवणारं रान. फॅनीने भाजीपाला लावला, कोकोची रोपं लावली. पण या मळ्याने कधी नफा दिला नाही.

घर मात्र मोठं उभं राहिलं. लाकूड कॅलिफोर्नियाहून आलं. स्कॉटलंडहून फर्निचर आलं. उकाड्याच्या त्या बेटावर त्याने घरात चक्क फायरप्लेस बांधून घेतली. घरचे सामोअन नोकर खास प्रसंगी स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची लुंगी नेसायचे.

आई, बायको, सावत्र मुलगा, सावत्र मुलगी, तिचा मुलगा आणि नोकरचाकर. एवढ्या सगळ्यांचं पोट एकाच माणसाच्या लेखणीवर होतं. तो पहाटे उठून लिहायला बसायचा. हाताला पेटके यायला लागले तेव्हा सावत्र मुलगी बेलला मजकूर सांगायचा.

गंमत म्हणजे बेटावर बसून तो सगळ्यात जास्त रमला स्कॉटलंडच्याच गोष्टींत. त्याची शेवटची अपुरी कादंबरी ‘वेअर ऑफ हर्मिस्टन’ पण तिथलीच आहे.

तुसिताला

स्टीव्हन्सन सामोअन भाषा शिकला. १८९१ मध्ये त्याची बाटलीतल्या भुताची गोष्ट, ‘द बॉटल इम्प’, मिशनच्या सामोअन मासिकात छापून आली. वाचकांचा कथा-कादंबरीशी फारसा संबंध नव्हता, त्यामुळे अनेकांना ती खरीच वाटली. एवढं मोठं घर बांधायला पैसा येतो कुठून, याचं उत्तर त्यांना मिळालं. घरी आलेले पाहुणे ती बाटली दाखवा म्हणायचे.

लोकांनी त्याला नाव दिलं तुसिताला. तुसि म्हणजे लिहिणं आणि ताला म्हणजे गोष्ट. गोष्टी लिहिणारा.

दुसऱ्यांच्या भांडणात पडलेला पाहुणा

त्या काळी सामोआवर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांचाही डोळा होता. १८८९ च्या बर्लिन कराराने तिघांनी मिळून कारभार वाटून घेतला. मालिएतोआ लाउपेपाला राजा ठरवलं, पण त्याचा प्रतिस्पर्धी माताआफा याच्यामागेही मोठा जनाधार होता. सरन्यायाधीश स्वीडनहून आणला, अपियाच्या नगरपालिकेचा अध्यक्ष जर्मन. दोघांनाही या बेटांची माहिती नव्हती, पगार मात्र भरपूर होता.

बेटावर राहणारे बहुतेक गोरे अशा वेळी गप्प बसून आपला व्यापार सांभाळायचे. स्टीव्हन्सन गप्प बसला नाही. त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रामागून पत्र धाडलं. १८९२ मध्ये ‘अ फूटनोट टू हिस्टरी’ हे पुस्तक लिहून तिन्ही सत्तांचा गोंधळ जगासमोर मांडला.

लंडनचे मित्र वैतागले. कादंबऱ्या सोडून हा कुठल्या बेटाच्या राजकारणात वेळ घालवतोय, असं त्यांचं म्हणणं. १८९२ च्या अखेरीस ब्रिटिश उच्चायुक्ताने नियम काढला की सामोआच्या सरकारविरुद्ध चिथावणी देणाऱ्या ब्रिटिश माणसाला दंड आणि तुरुंगवास होईल. रोख कुणावर आहे, हे सगळ्यांना समजत होतं.

तो काही संत नव्हता. तोही शेकडो एकरांचा मालक होता आणि हाताखाली नोकर बाळगणारा गोरा होता. शेवटी त्या दोन्ही अधिकाऱ्यांना बेट सोडावं लागलं, पण युद्ध टळलं नाही. जुलै १८९३ मध्ये माताआफा हरला. त्याला दूर मार्शल बेटांवर हद्दपार केलं आणि त्याच्या बाजूच्या सरदारांना अपियाच्या तुरुंगात डांबलं.

आता या हरलेल्या लोकांना विचारायला कोण जाणार? स्टीव्हन्सन आणि त्याच्या घरचे गेले. तुरुंगात अन्न, तंबाखू आणि औषधपाणी पोचवत राहिले.

कृतज्ञतेचा रस्ता

१८९४ मध्ये सरदार सुटले. सुटल्यावर ते वैलिमाला आले आणि म्हणाले, मोठ्या रस्त्यापासून तुमच्या घरापर्यंत आम्ही रस्ता बांधणार. मजुरी घेणार नाही.

हे किती मोठं होतं ते समजून घ्यायला हवं. सामोआत कर आणि रस्त्याची कामं ही बंडाची दोन मोठी कारणं होती. पैसे देऊनही लोक रस्त्याच्या कामाला यायचे नाहीत, शिक्षेला भीत नव्हते. आणि इथे मानाचे सरदार आपणहून कुदळ-फावडं हातात घेत होते.

ऑक्टोबर १८९४ मध्ये रस्ता पूर्ण झाला. त्यावर सरदारांच्या नावांची पाटी लागली. लोक त्याला प्रेमळ हृदयाचा रस्ता म्हणायला लागले. स्टीव्हन्सनने मेजवानी दिली आणि भाषणात एक इशाराही दिला. आपल्या जमिनी कसा, रस्ते बांधा, नाहीतर दुसरे येऊन देश घेतील.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ डिसेंबर १८९४ च्या संध्याकाळी, फॅनीसोबत जेवणाची तयारी करताना तो अचानक कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांत सगळं संपलं. वय ४४. ज्या फुफ्फुसांना तो जन्मभर घाबरला, त्यांनी त्याला मारलं नाही.

वाएआ डोंगराच्या माथ्यावर आपल्याला पुरावं, अशी त्याची इच्छा होती. पण वर जायला वाटच नव्हती. सामोअन माणसांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन दाट जंगलातून वाट पाडली आणि दुसऱ्या दिवशी शवपेटी खांद्यावरून त्या खड्या चढणीवर नेली.

त्याचा इशारा खरा ठरला. १९०० मध्ये या बेटांवर जर्मनीचा झेंडा लागला आणि वैलिमात जर्मन गव्हर्नर राहायला आला. पुढे न्यूझीलंडचा अंमल आला. स्वातंत्र्य मिळायला १ जानेवारी १९६२ उजाडावं लागलं. फॅनी १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात वारली. पुढच्या वर्षी तिच्या अस्थी आणून त्याच डोंगरावर नवऱ्याशेजारी ठेवल्या.

आज वैलिमात स्टीव्हन्सनचं संग्रहालय आहे आणि सामोआच्या प्रसिद्ध बिअरलाही हेच नाव आहे.

बेटाच्या हवेने त्याला पाच वर्षं जास्त दिली. पण तिथल्या माणसांनी त्याला आपलं मानलं ते त्याने हवा खाल्ली म्हणून नव्हे, हरलेल्यांना भेटायला तो तुरुंगात गेला म्हणून. बेटावर जायचं स्वप्न बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.