कर्नल जॉन मॉस्बी

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतीं १८३३ सालीं जन्मलेल्या या घोडेस्वार वकिलाचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवितों. कॉलेजांत असतां मॉस्बीनें भांडणांत सोबत्यावर पिस्तूल झाडलें व १८५३ सालीं तो तुरुंगांत गेला. नवल हें कीं, ज्या सरकारी वकिलानें त्यास शिक्षा देवविली, त्याच्याच पुस्तकांवरून तो कायदा शिकला आणि १८५५ सालीं वकील झाला. पुढें यादवी युद्धांत गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडून तो लढला. मार्च १८६३ मध्यें अवघ्या २९ स्वारांनिशीं रात्रीं शत्रूच्या गोटांत शिरून त्यानें एक सेनापति बिछान्यांतूनच धरून नेला.

परंतु त्याचें मोठें धैर्य आम्हांस युद्धानंतर दिसतें. पराभव पत्करून त्यानें वॉरेंटन गांवीं वकिली मांडली, आणि १८७२ च्या निवडणुकींत पूर्वीचा शत्रु ग्रँट यास उघड पाठिंबा दिला. तेव्हां आप्तेष्ट उलटले, अशील तुटले. १८७८ पासून सात वर्षें तो हाँगकाँग येथें अमेरिकेचा वकील होता. युद्धाचें मूळ गुलामगिरींत होतें, हें जुने सोबती नाकारीत असतां त्यानें १९०७ सालीं पत्रांत स्पष्ट मान्य केलें. आपण लढलों याची लाज मात्र त्यास वाटली नाहीं.

३० मे १९१६ रोजीं तो वॉशिंग्टन येथें वारला. ज्या वॉरेंटननें त्यास दूर लोटलें, तेथेंच पत्नीजवळ त्यास मूठमाती मिळाली. चुकीच्या पक्षाकडून लढलेल्यासही पुढें सत्य बोलतां येतें, हें मुलांनीं व पालकांनीं ध्यानीं धरावें.